पाठ केलेला फुगेवाला

चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना हवा तेव्हा उसना मिळणारा तास, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले. तरी एक गोष्ट माझी होती, तिसऱ्या मजल्यावरचा चित्रकलेचा हॉल. पुढे तोही जायची वेळ आली, कारण पालकांना शाळेत कॉम्प्युटर हवे होते आणि कॉम्प्युटरना जागा हवी होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, यंदा ग्रेड परीक्षेचा निकाल उत्तम लावा. मग संस्थेपुढे तुमची बाजू मांडता येईल."

त्या परीक्षेत स्मरणचित्र असतं. विषय मिळतो, आठवून चित्र काढायचं. क्लासवाले मुलांकडून एकच फुगेवाला घोटून घेत. विषय बसस्टॉप असो की बाग, फुगेवाला हजर. मी वर्षानुवर्षं त्याची टिंगल केली होती. त्या वर्षी मात्र तोच फळ्यावर काढला आणि म्हटलं, "हा पाठ करा."

सगळ्यांनी केला, एका मुलीने सोडून. कसबा पेठेतल्या तांबटाची मुलगी ती. सरावाला 'दुकान' विषय दिला होता. तिने हंडा ठोकणारे वडील काढले होते, पाठमोरे. वाकलेली मान, घामाने पाठीला चिकटलेला सदरा, हंडा दाबून धरणारा पायाचा अंगठा. इतकं खरं चित्र माझ्या वर्गात कुणी काढलं नव्हतं. ते मला कळलं, आणि तरीही मी तिच्यापुढे खोडरबर ठेवलं.

"परीक्षकाला चेहरा लागतो. फुगेवाला काढ."

"पण बाई, आमच्या दुकानापाशी फुगेवाला येतच नाही."

"परीक्षेत येतो," मी म्हणाले. वर्ग हसला. तिने सगळं खोडलं.

निकाल उत्तम लागला. तिला ए ग्रेड मिळाली. आणि सुट्टीत हॉलमध्ये कॉम्प्युटर आले, मला जिन्याखालचं एक कपाट मिळालं. भांडायचं त्राण नव्हतं. खरं सांगायचं तर तोंडही उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा ती बँकेच्या रांगेत भेटली. येरवड्याच्या पुढे कुठल्याशा आयटी कंपनीत होती. वाकून नमस्कार करत म्हणाली, "बाई, तुमचा फुगेवाला मला अजून येतो हं!" आणि स्लिपच्या मागे भराभरा काढूनही दाखवला. फेटा, बांबू, सात फुगे. थेट माझ्या फळ्यावरचा.

"छान," मी म्हटलं. "आणि वडिलांचं ते चित्र?"

तिने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"कुठलं चित्र, बाई?"