बाकी एक

माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर औरंगपुऱ्यातल्या शाळेत मला गणित शिकवायचं होतं ते मराठीत. घरी मराठीच बोलायचो, पण घाईत हात उर्दू आकडे काढायचा. तपासणीचे साहेब माझा तास बघून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, असा निरोप आला आणि मला अन्न गोड लागेना.

साधी बेरीज-वजाबाकी शिकवायची सोडून मी साहेबांसमोर शहाणपणा दाखवायला गेलो. म्हणालो, "कोणतीही तीन आकडी संख्या लगोलग दोनदा लिहा. जी सहा आकडी संख्या होईल तिला सात, अकरा, तेरा, कशानंही भागा, बाकी उरणार नाही." कारण ती मूळ संख्येची एक हजार एक पट असते, आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक.

साहेब पुण्याकडचे. फळ्याशेजारी वर्गाकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "घ्या, तीनशे बावन्न." मी झरझर दोनदा लिहिलं आणि फुलंब्रीच्या एका मुलीला उठवलं. धनगराची पोर, मामाकडं राहून शिकणारी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिनं सातनं भागलं.

"गुरुजी, बाकी एक."

"पुन्हा कर."

"एकच उरतंय, गुरुजी."

नियम चुकणं शक्यच नव्हतं. फळा चारदा वाचला. तीनशे बावन्न, तीनशे बावन्न. मग तिची मांडणी पाहिली. तिनं पहिल्या पाचाच्या जागी शून्य घेतलं होतं. तो पाच मी उर्दूत काढला होता, आणि घाईतला उर्दू पाच हुबेहूब मराठी शून्यासारखा दिसतो. माझ्या डोळ्यांना मात्र तो पाचच दिसत होता!

"बघू काय झालंय," म्हणत साहेब खुर्चीतून उठायला लागले.

मी फडकं घेऊन फळा पुसून टाकला. "काही नाही साहेब, पोरीनं आकडा चुकीचा वाचला."

"नाय गुरुजी, तिथं शून्यच व्हतं."

"गप! पाच अन् शून्यातला फरक कळत नाय तुला?" मी खेकसलो.

संख्या पुन्हा लिहिली, नीट मराठीत. तिनं मुकाट्यानं तिन्ही भागाकार केले. बाकी कुठंच उरली नाही. साहेबांनी मला कायम केलं, आणि शेऱ्यात एक ओळ लिहिली: मुलीची अंकओळख कच्ची, याच वर्गात ठेवावी. मी तोंड उघडलं नाही. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

निकालानंतर तिचा बाप तिला न्यायला आला. पटका काढून हातात धरला होता.

"हिला आकडंच कळत नाईत म्हनं. मंग उगं शाळंत कशाला ठेवायची? खरं हाय का, गुरुजी?"

ती त्याच्या शेजारी उभी राहून माझ्याकडंच बघत होती.

मी "व्हय" म्हणालो.