न बांधलेल्या खोलीचं दार

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यासाठी येते, हे आधीच सांगून ठेवते. दाराला म्हणा, मशीनला म्हणा, ती कधी टांगलेली नाही. मी पिपरी मेघेला राहते, घरीच ब्लाऊज शिवते आणि जे टेपने मोजता येतं तेवढंच खरं मानते. भुताखेताच्या गोष्टी बायका ट्रायलला आल्या की सांगतात, मी हो-हो करत टाचण्या लावत असते. त्यामुळे हे मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त नवल आमच्या ह्यांनाच वाटतंय... असो. वाचा आणि काय समजायचं ते समजा.

घराची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोर व्हरांडा, त्याला लागून माझी शिवणाची खोली, मग हॉल, आत स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम. उत्तरेला कंपाउंडच्या आतच मोकळी जागा होती. तिथे एक कडुलिंब आणि कपडे वाळत घालायच्या तारा, बाकी काही नाही. शिवणात आपण माया सोडतो ना, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून... तशी ती जागा आम्ही घर बांधताना सोडून ठेवली होती. मागच्या वर्षी ती वापरायची वेळ आली, ती माझ्या आईमुळे.

आई आंजीला एकटी राहायची. बाबा गेले, शेत ठेक्याने दिलं, तरी ती हलली नाही. गुडघे कामातून गेलेले. त्या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच ओल्यात पडून राहिली. मी तिची एकुलती एक. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. तिने फोन लवकर उचलला नाही की कापड कापता कापता माझा हात थांबायचा.

पण आई ऐकेल तर शपथ. "चार दिवस पाहुणी म्हणून येईन. राहाले नाई येणार. लेकीच्या घरी कोणी राह्यते का वं?"

हे म्हणायचे, "आई, मी मुलगा असतो तर आल्या असत्या ना?"

"आलीच असती. पण तुम्ही तं जावई हाय ना, बापू." संपला विषय.

मग आम्ही ठरवलं, आधी खोली बांधून टाकू, मग कशी येत नाही ते बघू. ह्यांचा पुतण्या पराग सिव्हिल इंजिनीअर आहे. त्याने प्लॅन काढला. उत्तरेला एक खोली, तिला जोडून कमोडचं बाथरूम, भिंतीला धरायला दांडे, न घसरणाऱ्या टाइल्स, पलंगाजवळ बेल. दार हॉलमध्ये. "म्हणजे आजी सारखी नजरेसमोर राहील," पराग म्हणाला. मला ते इतकं पटलं की मी त्याला शिऱ्याची दुसरी वाटी दिली. बाहेरच्या भिंतीला फक्त खिडकी होती. मिस्तरीने येऊन चुन्याची फक्की मारली, खोलीच्या पांढऱ्या रेघा जमिनीवर उमटल्या, आणि दुसरीकडचा स्लॅब अडला म्हणून तो गायब झाला. रेघा तशाच पडून राहिल्या. खरी गोष्ट इथून पुढे.

एका दुपारी झाडेबाई ब्लाऊज न्यायला आल्या त्या तणतणतच. "कवाची बाजूचं दार वाजवून राह्यली मी. 'येते, कडी काढते' म्हणून आतून आवाज तं आला, पण कोणी उघडतच नाई."

"कोणतं बाजूचं दार?"

"तेच ना, निंबाजवळचं."

मी त्यांचा हात धरून त्यांना तिकडे नेलं. तिथे जमीन, चुन्याच्या रेघा आणि माझे टॉवेल. बाई आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत राहिल्या. "मंग म्या वाजवलं काय?" एवढंच म्हणाल्या आणि ब्लाऊज घालून न बघताच घरी गेल्या. झाडेबाई आणि ट्रायल न घेता जातात, यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी सिलिंडरवाला आला. बराच वेळ झाला तरी आत येईना म्हणून मी बाहेर डोकावले, तर सिलिंडर बरोबर चुन्याच्या रेघांच्या आत, कडुलिंबाखाली ठेवलेलं.

"अरे, इथे कशाला?"

"आजीनं सांगतलं ना काकू. म्हणे, इथंच ठेवून दे बाबू."

आमच्या घरात आजी नाही. झाडेबाईंची आणि त्याची ओळख असायचं काही कारण नाही. रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं तर हे हसायला लागले. "भूत मेलेल्या माणसाचं असते. तुही आई तं आंजीले मस्त भाकरी थापून राह्यली." मग एकदम थांबले. कारण मी आईचं नाव काढलंच नव्हतं.

आणि मग माझी पाळी आली. चांगलं लख्ख ऊन होतं. मी तारेवरचे कपडे काढत होते, हातात उशांच्या खोळी. रेघेच्या पलीकडून, अगदी कानाशी, लोखंडी कडी हलल्याचा आवाज आला. पाठोपाठ गुडघ्यावर हात ठेवून उठताना आई करते तो "आई गं" असा सुस्कारा, आणि — "कोन हाये? आली, आली..."

खोटं कशाला सांगू, भीती वाटली नाही. मनात आलं ते एवढंच की आई घरात आहे, बरं झालं. भीती वाटली ती त्यानंतर. आईचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, या विचाराने मी कपडे मातीत टाकून फोनकडे धावले. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली...

"काय वं?" आईचा आवाज आला, तोही त्रासलेला. "आताच तं उठली होती दारासाठी. पाहिलं तं कोणीच नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आंजीला गेलो. झाडेबाईंचं, सिलिंडरवाल्याचं काही सांगायचं नाही असं वाटेतच ठरलं होतं. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण येऊन राह्यलं वं दुपारचं?"

"काय माहीत. समोरचं दार नाई वाजवत. खाटेजवळच्या भिंतीतून आवाज येते. भिंतीले कुठं दार राह्यते का? पण मी आपली 'येते' म्हणून उठते." तिने शेंगेतले दाणे ताटात टाकले. "बरं वाटते पण. नाईतं माह्यं दार आता कोन वाजवते?"

माह्यं दार. ते शब्द मला टाचणीसारखे टोचले. आमच्या प्लॅनमध्ये तिच्यासाठी कमोड होता, दांडे होते, बेल होती. कोणी येऊन वाजवावं असं दार तेवढं नव्हतं. तिच्याकडे येणारा माणूस आधी माझ्या घरात येणार, टीव्हीसमोरून जाणार, मग तिच्यापर्यंत पोचणार. आम्ही तिला राहायला नाही, सांभाळायला बोलावत होतो.

"आई," मी म्हटलं, "तुले बाहेरून वेगळं दार केलं तर?"

ती शेंगा सोलत राहिली. सोलता सोलताच म्हणाली, "उंबरठा राहीन का त्याले?"

"राहीन."

"मंग मी कोणाच्या घरी राह्यली असं होईन?"

"तुह्याच."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी पाहुणा म्हणून येत जाईन. चहा द्याल ना?" आई हसली. आणि पदराने डोळे पुसले, तेही शेंगांची धूळ गेली असं सांगून.

परागने कपाळाला हात लावला. खिडकी सरकवायची, बाथरूम दुसऱ्या कोपऱ्यात, बाहेर पायरी, वर छोटी छपरी. हॉलकडचं दार ठेवलं, पण त्याची कडी आईच्या बाजूने. बाहेरच्या दाराची जागा मात्र आम्ही कागदावर ठरवलीच नाही. झाडेबाईंना हातापाया पडून बोलावलं, त्यांना जिथे वाजवल्याचं आठवत होतं तिथे उभं केलं आणि परागला म्हटलं, इथे. त्याने मुकाट्याने खूण केली.

पाया खोदायला लागल्यापासून इकडे किंवा आंजीला पुन्हा कुणाला काही ऐकू आलं नाही. पराग म्हणतो, आजूबाजूच्या गच्चीवरचा आवाज असेल. ह्यांचं म्हणणं, तीन माणसांना लागोपाठ ऊन लागू शकतं. मी टेप लावून दमले. शेवटी आईलाच सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्या तं कवाची 'येते, येते' म्हणून राह्यली होती. तुम्हीच उशीर केला."

ती राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने हॉलकडून गेले, तर आतून कडी. मग चपला घालून, व्हरांड्यातून उतरून, वळसा घालून गेले आणि दार वाजवलं. आईने उघडलं. मला खाटेवर बसवलं आणि कपबशीलासुद्धा हात लावू दिला नाही. "माहेरी आली ना? बस." स्वतः चहा केला. माझ्या ब्लाऊजची बाही उसवलीय हे शोधून काढलं आणि टेलरणीला बोलली. निघताना कुंकू लावलं, मूगवड्यांची पिशवी हातात दिली. "जावईबापूले भाजी करून देजो. आणि येत जाजो वं मधून मधून."

मी पिशवी घेऊन निघाले. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभीच होती, मी कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत. कोपरा माझ्याच घराचा होता, आणि तो वळताना मी सासरी जाताना रडायची तशी रडले.