शेवंतामावशी आणि बायाइचं पुस्तक

शेवंतामावशी वाचायला बसली की आमच्या पुनर्वसनाच्या वस्तीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प होत, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, आला हा काळीपिवळीवाला फेकायला. बरं, कोंबड्या सोडा. पण पवनीची एसटी आमच्या फाट्यावर यायची आणि ड्रायव्हर इंजिन बंद करून ऐकत बसायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण तिच्यामागे माझीच जीप हॉर्न मारत उभी असे. फाट्यापासून मावशीचा मांडव हाकेच्या अंतरावर होता. म्हणजे मावशीच्या हाकेच्या. दुसऱ्या कोणाच्या हाकेनं मोजलं तर तालुका बदलेल.

"हात थांबवू नका, कान द्या," असं म्हणून ती सुरू करायची. समोर बाया सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या. तेंदूपत्ता कापायचा, जर्दा भरायचा, बिडी वळायची, दोरा गुंडाळायचा. माझी आई त्यांत होती, गिरजाकाकू होती. मावशी तेवढी बिडी वळत नसे. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच उरलं होतं. पान उलटण्यापुरतं.

गोसीखुर्द धरणाचं पाणी येणार म्हणून जुनं गाव उठलं, तेव्हा ज्यानं त्यानं आपलं घर आपल्याच हातांनी उतरवलं. छपराचे कवेलू आणि फाटे, दारं, जे नेता येईल ते गाडीत घातलं. मावशी विधवा, मूलबाळ नाही. तिनं एकटीनं दाराची चौकट ओढली आणि वरचं लाकूड हातावर आलं. चौकट विकून जे मिळालं ते दवाखान्यात गेलं. कोणी हाताकडे पाहिलं की ती म्हणायची, "इतके वरसं फुकट रायली. घरानं भाडं घेऊन घेतलं." आणि हसायची. समोरच्यानं हसावं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

वाचनाची रीत बायांनीच घातली होती. वाचणारीचे हात रिकामे, तर प्रत्येकीनं आपल्या मालातला एकेक कट्टा, म्हणजे बिड्यांची एकेक जुडी, तिच्या सुपात टाकायचा. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस यायचा, तेव्हा मावशीच्या नावानंही माल जाई आणि तिची चूल पेटे. ही भीक नव्हती. वाचन बंद तर कट्टा बंद, हे तिलाही मंजूर होतं.

आणि वाचायचं काय, तर फॅशनचं मासिक. आधी मी पेपर आणून दिला होता. बाया म्हणाल्या, "त्यात सारी रडारड. ते तं घरीच आहे." मग पवनीच्या स्टँडवरून हे मासिक आणायला लागलो. त्याचं छापील नाव मुंबईत चालत असेल, आमच्याकडे ते 'बायाइचं पुस्तक'. त्यात उजेड असा, की साडीचे धागे मोजून घ्यावेत. मॉडेल हसऱ्या, आणि फोटोखाली चांगला परिच्छेदभर मजकूर. 'डाळिंबी रंगाची ही साडी, काठाला बारीक कोयऱ्या, पदरावर मोरांची जोडी, संध्याकाळच्या समारंभाला खुलून दिसेल.' मावशी एकेक कोयरी अशी वाचायची, की माझ्या आईनं एकदा नुसत्या ऐकण्यावर पदर सावरला.

"संध्याकाळचा समारंभ म्हंजे कोनता वो?" गिरजाकाकू विचारायची.

"ठेकेदाराचा मानूस माल छाटाले येते, तो."

मग त्या मासिकाला काय बाधलं, देव जाणे. नवा संपादक आला म्हणे. पहिला अंक हातात पडला तेव्हा मला वाटलं, छापखान्यात शाई सांडली. बदलून मागितला, तर दुसराही तसाच काळा. मॉडेल पाठमोऱ्या, नाहीतर केसांनी तोंड झाकलेलं, आणि तोंड दिसलंच तर जणू आताच कुणाच्या मातीवरून आलेलं. साडी अंधारात. मजकूर गायब, खाली फक्त दुकानाचं नाव आणि किंमत. अंक बायांच्या हातांतून फिरला.

"इचं कोन गेलं वो?"

"हे पोरगी काल जेवली नसन."

"अवो, पन इकाचं काय आहे इले? साडी का तोंड?"

गिरजाकाकू म्हणाली, "पैसे देऊन अवकळा इकत घेतली आपन."

मग एक पान उघडलं. पडकं घर होतं. कवेलू उतरलेले, अर्धी भिंत पडलेली, कोनाडा उघडा. मधे महागाचा झगा घालून ती पोरगी चिखलात उभी. माझी आई त्या कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आपन असं घर सोडून आलो. अन् हे लोकं तिथं फोटो काढाले जातेत."

मी त्या मासिकाच्या हापिसात फोन लावला. म्हटलं, आमच्या बाया नाराज आहेत, फोटोत काही दिसत नाही. तिकडची मुलगी गोड बोलली, "सर, तो मूड आहे." म्हटलं, मॅडम, आमच्याकडे लाइट गेली की तो रोजच येतो. तिनं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी गिरजाकाकूनं सर्वांच्या मनातलं बोलून टाकलं. "मावशी, राग नको मानू. आता यात वाचाचं का आहे? चित्र तं आमीबी पाहू शकतो. मंग कट्टा कायले द्याचा?"

 मावशीचं सूप अर्धंही भरलं नव्हतं. ते तिनं तुटक्या हातावर तोललं आणि घरी गेली. त्या दिवशी मला कळलं, की एवढ्या आवाजाची बाई गप्प चालली की किती लहान दिसते.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात आली ती मासिक छातीशी धरून. "आज चित्र कोनालेच दाखवनार नाही. हात थांबवू नका, कान द्या." तिनं ते पडक्या घराचं पान उघडलं, स्वतःकडे धरलं आणि वाचायला लागली. 'या घराच्या छपरीत उजव्या हाताला दगडी उखळ. कोनाड्यात चिमणी, तिच्या काजळीनं वरची भिंत काळी. सुनेला पहिलं पोर झालं तेव्हा त्याच काजळीचं बोट तिनं पोराच्या गालाला लावलं. मागच्या दाराला कडी नाही, दोरी.'

गिरजाकाकूचे हात थांबले. "दोरी नाही," ती हळूच म्हणाली. "साखळी होती."

"पुस्तकात दोरी आहे," मावशी म्हणाली आणि पुढे वाचत गेली.

मी मागे उभा होतो. पानावर दुकानाचं नाव होतं आणि किंमत. बाकी काही नाही. मी आयुष्यभर थापा मारत आलो, पण समोर कोरं पान धरून एवढं सरळ तोंड मला कधी जमलं नाही. गिरजाकाकूनं संध्याकाळी आपला कट्टा सुपात टाकला तो सर्वांत आधी.

तिथून पुढे मासिक जितकं काळं होत गेलं तितका मांडव भरत गेला. एका पानावर वठलेलं झाड होतं, त्यातून माझ्या आईच्या माहेरची घरामागची सांदवाडी निघाली. दुसऱ्यावर नुसती ओली भिंत, त्यातून पाटलाची विहीर. रोज एक घर. पाण्याखालचं गाव ती दारादारानं वर काढत होती. ठेकेदाराचा माणूस कुरकुरायचा, कारण हात हळू चालायला लागले होते. एकच घर त्यात येत नव्हतं.

"मावशी, तुजं घर कवा वाचतेस?" आई विचारायची.

"माजं अजून छापून नाही आलं."

मग खोकला वाढला. जर्द्याची धूळ त्या मांडवात सगळ्यांच्याच छातीत जायची, मावशीनं ती वाचायला मोठा श्वास घेऊन ओढली. वाचता वाचता वाक्य तुटे, ती खोके आणि नेमक्या त्याच अक्षरावर परत येई. मी तिला जीपमधून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला. "हाबी बायाइच्या पुस्तकावानीच काढला रे. साराच अंधार, तोंड कुठं दिसतच नाही."  फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "ते चौकट इकाले नोहोती पायजे."

शेवटी ती अंथरुणावरून उठेना. मी पवनीहून नवा अंक आणला. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई आणि धुकं. तो मी मावशीच्या उशाशी ठेवला, पण तिनं डोळे उघडले नाहीत. दुपारी बाया सुपं बाजूला ठेवून तिच्या खोलीत आल्या. गिरजाकाकूनं अंक उचलला. गिरजाकाकू शाळेच्या दारातसुद्धा कधी गेली नव्हती. तिनं मधलं एक पान उघडलं आणि मावशीला दिसू नये असं स्वतःकडे धरलं.

"मावशी, आज तुजं घर छापून आलं."

मावशीच्या पापण्या हलल्या.

"'दारापुढं कडुलिंब,'" गिरजाकाकू वाचायला लागली. आवाज जाड, मधेमधे अडखळणारा. "'खाली दगड, त्याच्यावर पानी भरून येनाऱ्या बाया टेकत. भिंतीले पांढरी माती. दाराले सागाची चौकट, तिच्यावर हळदीचे बोटं.'"

"चौकट नाही," मावशी म्हणाली. शब्द मोठ्या मुश्किलीनं आले. "चौकट मी इकली."

गिरजाकाकूनं पानावरून नजर काढली नाही. "पुस्तकात चौकट आहे," ती म्हणाली. "उभी आहे."

मावशी तिच्याकडे पाहत राहिली. पान पाहायला तिनं मागितलं नाही.

"मंग वाच," ती म्हणाली.

गिरजाकाकूनं चौकटीतून आत नेलं. छपरी वाचली, चूल वाचली, माळ्यावरची बी-बियाण्याची मडकी वाचली. माझी आई मावशीचा तो दोन बोटांचा हात धरून बसली होती. मधे कुठेतरी आईनं तो हात हलकेच अंथरुणावर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. गिरजाकाकूनं ते पाहिलं. वाचायची ती थांबली नाही. मागच्या सांदवाडीपर्यंत गेली, तिथली शेवंतीची रोपं वाचली, मागचं दार ओढून घेतलं, मगच अंक मिटला.