सोन्याची टोचणी

आमच्या ह्यांचं नाव मी कधी घेत नाही. पण इथे घेतल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही, म्हणून एकदाच घेते. बुधाजी तांबे. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातर्फे लालबागच्या चाळींतून देवी टोचत फिरायचे. खाकी सदरा, खांद्याला पेटी. पेटीत बर्फाच्या थर्मासात लशीच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि दातेरी चकतीची ती सुई. दंडावर लशीचा थेंब टाकायचा, वर सुई टेकवायची, गर्रकन फिरवायची. पोरगं भोकांड पसरेपर्यंत हे पुढच्या दारात.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि टवाळांचं फावलं. देवांना रामराम ठोकलात आणि आता घरोघर देव्या वाटता होय हो तांबे, असं तोंडावर म्हणायचे. हे हसायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. एकाला मी नळावर असा झाडला की महिनाभर तो पाणी भरायला बायकोला पाठवत होता.

टोचायला हे चाळीत शिरले की पोरं गायब. आया त्यांना माळ्यावर चढवायच्या, खाटेखाली ढकलायच्या आणि दारात उभ्या राहून सांगायच्या, आमच्याकडे पोर नाही, गावाला गेलंय. हे वाद घालत नसत. चळवळीचे दिवस होते, गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा मोर्चा मोर्चा खेळायचं. हे मधल्या जिन्यात उभे राहायचे आणि छाती फुगवून ओरडायचे, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र...” की लगेच माळ्यावरून, खाटेखालून, एकदा तर पिंपातून, उत्तर यायचं, “झालाच पाहिजे!” ह्यांनी तेवढं ऐकायचं आणि पेटी उघडून नेमक्या त्या दारात जायचं. एकीने वाद घातला की हे सरकारचे हेर म्हणून. ह्यांनी तिला सांगितलं, बाई, म्युनिसिपालटीत आता समिती निवडून आलीय, म्हणजे सुईसुद्धा आपलीच. तिने मुकाट्याने दोन्ही मुलगे पुढे केले.

चंपा अशीच सापडली. चार वर्षांची, दारामागून झालाच पाहिजे म्हणाली ती सगळ्यांत मोठ्याने. पण दार उघडलं तिच्या आजीने, कमळाबाईने. ही मालवणची, जिभेने तिखट. तिने दाराला आडवा हात लावला आणि ह्यांना सांगितलं की पोरीच्या आधीची दोन नातवंडं गेली, म्हणून तिने देवीला नवस बोललाय. पाच वर्षं पुरी होईपर्यंत पोरीच्या अंगाला लोखंड लागणार नाही. म्हणजे कात्री नाही, ब्लेड नाही, सुई तर नाहीच. पोरीचे केस कमरेखाली गेले होते. नखं कमळाबाई स्वतःच्या दातांनी कुरतडायची, आणि दात तिला होते मोजून पाच.

एरवी ह्यांनी चार थट्टा केल्या असत्या. पण त्याच आठवड्यात समोरच्या चाळीत एका पोराला देवी आल्या होत्या आणि म्युनिसिपालटीची गाडी येऊन त्याला इस्पितळात घेऊन गेली होती. दोन चाळींच्या मध्ये अंतर ते किती, ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत वाटी फेकता यावी एवढं. ह्या बाजूला टोचायचं राहिलेली पोरं होतीच बरीच, पण चंपाला तर टोचता येणारच नव्हतं. घरी आले ते जेवले नाहीत. भाकरी चिवडत बसले. मी विचारलं, दुखतंय का काही. तर म्हणाले, “कांता, सोनं म्हणजे लोखंड नव्हे ना?”

असं म्हणून माझ्या नाकाकडे बघायला लागले. मी चमकीवर हात ठेवला. आईने दिलेली, अंगावरचं तेवढंच सोनं. मी बोलायचं ते सगळं बोलले, आणि मग काढून दिली. काय करणार? चार वर्षांची पोर होती हो. सोनाराने चमकीची दांडी घासून अणकुचीदार केली. तो विचारत होता कशाला, तर ह्यांनी सांगितलं, बायकोचं नाक फार जाड आहे. हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं, नाहीतर तिथेच निकाल लावला असता.

माझं सोनं एकट्या नवऱ्याच्या हाती सोडायला मी काही खुळी नाही. मीही गेले बरोबर. सोन्याला विटाळ नसतो म्हणत कमळाबाईने चमकी दोनदा दातांनी चावून पाहिली आणि सोनं खरं म्हणून कबूल केलं. नवसात सोन्याचं नाव नव्हतं. ह्यांनी चमकी उकळली, दंडावर लशीचा थेंब ठेवला आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला गंध लावावं तशा हलक्या हाताने ओरखडे काढले. चंपा रडलीसुद्धा नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

आणि मग कमळाबाईची जीभ सुटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं की तिच्या नातीला सोन्याने टोचलंय, खास मोठ्या सायबाच्या हुकमाने. दुसऱ्या दिवशी ज्या बाया पोरं पिंपात लपवत होत्या त्याच पोरांना पावडर लावून रांगेत उभ्या. आम्हालाही सोन्याची पाहिजे, आम्ही काय कर भरत नाही? हे एकदम गंभीर झाले. म्हणाले, सोन्याची फक्त नवसाच्या पोरांना, पण तुमच्यासाठी विलायती पोलादाची मागवलीय, ती तिच्याहून महाग. पेटीतून तीच रोजची सुई काढली. दुपारपर्यंत अख्खी चाळ टोचून झाली. दवाखान्यातले डॉक्टर आकडा ऐकून दोनदा चष्मा पुसत होते. मी घरी येऊन चमकी पुन्हा नाकात घातली आणि दिवसभर ऐटीत फिरले.

आठव्या दिवशी खुणा बघायला जायचं असतं. लस लागली तर दंडावर फोड धरतो. सगळ्या चाळीतली पोरं सुजलेले दंड घेऊन एकमेकांना दाखवत फिरत होती, कोणाचा मोठा म्हणून भांडत होती. आणि चंपाचा दंड कोरा. ओरखडा होता की नाही तेही कळेना. सोनं मऊ, त्यात ह्यांचा हात भ्यालेला. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती एकटीच उघडी राहिली, आणि बाकी सगळी चाळ सुखरूप.

ह्यांनी लपवलं नाही. कमळाबाईला सरळ सांगितलं, चूक माझी, सोन्याने लागलं नाही, आता लोखंडाशिवाय उपाय नाही. तिने पोरीला आत ओढलं आणि दार ह्यांच्या तोंडावर बंद केलं. दोन दिवस हे रोज त्या दारापुढे जाऊन उभे राहायचे. घोषणा द्यायची ह्यांना छाती झाली नाही. मला माझ्या चमकीची लाज वाटायला लागली, काढून डब्यात टाकली.

तिसऱ्या दिवशी समोरच्या चाळीत रडारड झाली. नेलेलं पोर परत आलं नव्हतं.

त्या दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले होते. औषधाला बाटल्या घेऊन आलेल्या माणसांची रांग पार बाहेरपर्यंत. ती रांग कापत कमळाबाई आली, कडेवर चंपा, पायात चप्पल नाही. ह्यांच्या समोरच्या बाकावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचा दंड उघडा केला.

ह्यांनी सुई दिव्यावर धरली, गार केली, लशीचा थेंब टाकला. सुई दंडाला टेकवली आणि हात थांबला. हजारो दंड टोचलेला माणूस, पण सुई फिरवेना. म्हणाले, “कमळाबाय, उद्या काही झालं तर तुम्ही मला...”

“नवस मी बोललंय,” ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. “चेडवान नाय नि तुवां नाय.”

आणि तिने आपला हात ह्यांच्या हातावर ठेवला, घट्ट धरला. आमच्या जातीतल्या माणसाच्या हाताला ह्याआधी तिने कधी बोट लावलं नव्हतं. वर छताकडे बघून, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती देवीला म्हणाली, “बघून ठेव, फिरवतंय ती मी. कोप होवचो तो माझ्यार होवंदे.”

आणि तिनेच सुई फिरवली. चंपाने असा टाहो फोडला की बाहेरची रांग हलली. मी तिथेच डबा हातात घेऊन रडले, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

आठव्या दिवशी फोड टरारून उठला. तो दाखवायला कमळाबाई स्वतः आमच्या खोलीवर आली, मी चहा टाकला, आणि ती आमच्या कपातून दोन कप प्याली.