सांभाळून मारलेला बॉल

आमच्या मैदानावर कुणी कुणाला नीट हाक मारत नाही. शाळेत मी दिवसभर 'सर' असतो आणि खताच्या दुकानात बसणारा माझा मित्र साऱ्या गावाचा 'अण्णा' असतो. पण संध्याकाळी शूटिंग बॉलच्या नेटपाशी हा सगळा मान गळून पडतो. मुठी वळून बॉल हाणायचा आणि त्याहून जोरात तोंड चालवायचं, असा आमचा खेळ. मराठी अपुरी पडली की कन्नड, कन्नड संपली की दखनी. अण्णा कायम समोरच्या बाजूला, आणि मी इकडं मागच्या ओळीत त्याचा मारा परतवायला. "मास्तर, पगार झालाय न्हवं? मग हात कामून उचलंना?" असं काहीबाही ओरडत तो बॉल नेमका माझ्या छातीवर मारायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि यात काही सुख आहे, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी गावात तापाची साथ आली. मीही अंथरूण धरलं. ताप उतरला तरी अंग कणकणत होतं, जिना चढताना धाप लागत होती. आमच्याकडं यावर एकच इलाज सांगतात: मैदानात जायचं आणि घाम काढायचा, उरलासुरला ताप घामाबरोबर निघून जातो म्हणे. बायको म्हणाली, "दोन दिस दम धरा की." पण कोहिनूर गावची शूटिंग बॉलची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि मी ऐकतो कसला!

त्या संध्याकाळी खेळता खेळता छातीत कळ आली. छाती वेडीवाकडी धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी होतो तिथंच खाली बसलो. "ऊठ की बे! हरायलास म्हणून बसलास व्हय?" असं म्हणत अण्णा नेटखालून आला, त्यानं माझा चेहरा बघितला आणि गाडी आणायला पळाला. त्यानंच मला गाडीत घालून कलबुर्गीला दवाखान्यात नेलं.

"ताप गेलाय, पण विषाणूमुळं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय," डॉक्टर म्हणाल्या. "अशा हृदयाला पळवलं तर ते अचानक बंदही पडू शकतं. आता काही महिने खेळ बंद. मग परत तपासू. पुढं खेळता येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

आमचं घर मैदानाच्या मागंच आहे. शाळेतून आलो की मी गच्चीत खुर्ची टाकून बसायचो. कठड्याआडून बॉलचा आवाज यायचा, शिव्या यायच्या, हसणं यायचं. माझ्या जागी दुसरा कुणी तरी उभा राहत होता आणि त्याचं बरं चाललंय हे ऐकून माझा जळफळाट व्हायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. अण्णा दर रविवारी डाळिंबं घेऊन यायचा, समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि विचारायचा, "सर, गोळ्या घेतल्या का?" त्याच्या तोंडून 'सर' ऐकलं की मला मेल्यासारखं व्हायचं. मला माझा जुना अण्णा हवा होता. मला चारचौघांत शिव्या खायच्या होत्या.

काही महिन्यांनी सूज ओसरली. सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर पळवून झालं, दिवसभराचे ठोके यंत्रात नोंदवून झाले. सगळं ठीक निघालं तेव्हा डॉक्टरांनी मोकळीक दिली, पण दमादमानं: आधी चालणं, मग हळू पळणं, मग थोडा खेळ. छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथंच थांबून सरळ दवाखाना. आणि इथून पुढं तापातून उठल्याबरोबर मैदान नाही. मी सगळं निमूटपणे पाळलं.

शेवटी नेटपाशी उभा राहिलो तर काय, जावयाला ताट वाढावं तसा बॉल यायला लागला. अलगद. अण्णा तर बॉल नुसता पलीकडं टाकायचा आणि वर तोंडातून चकार शब्द नाही. आठवडाभर असंच चाललं. मैदानात असूनही मी गच्चीतच बसलोय असं वाटायचं.

एके दिवशी दुकानात जाऊन त्याला धरलंच. "डॉक्टरांनी 'खेळ' म्हटलंय. तूच अजून न्हाई म्हणायलास."

बराच वेळ तो पोती सरळ करत राहिला. मग म्हणाला, "बॉल उचलला की तुझं ते पांढरंफटक तोंड दिसायलंय बघ. माझ्याच माऱ्यानं पडलास असं वाटतंय. हात उठंना, काय करू?"

"तुझ्या माऱ्यानं न्हाई, तापानं पडलो. आता बरा हाय. तू असा खेळणार असशील तर मी यायचंच बंद करतो."

त्या संध्याकाळी बराच वेळ बॉल तसाच अलगद येत राहिला. आणि मग एक असा आला की मुठी झणझणल्या. तो मला परतवता आला नाही. हाताला लागून थेट मागच्या बाभळीत गेला.

"आंधळा झालायस का बे मास्तर!" अण्णा ओरडला.

मी बॉल आणायला गेलो. काट्यांतून तो काढायला मुद्दामच वेळ लावला, कारण डोळे वाहत होते. छाती उडत होती, पण साधी, खेळणाऱ्या माणसाची उडते तशी. वळून बघितलं तर नेटपलीकडं अण्णा आमच्याकडं पाठ करून उभा होता आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत होता.