हळदीकुंकवाच्या दिवशी हलवलेला कॅन

आज सकाळी सुनेनं माझ्या तपासणीसाठी लॅबमधून पांढरा कॅन आणला आणि मला सासूबाई आठवल्या. त्यांचं बीपी अचानक चढायचं, दरदरून घाम फुटायचा. मिरजेच्या डॉक्टरांना हार्मोन वाढवणाऱ्या गाठीची शंका आली. चोवीस तासांची सगळी लघवी घरीच कॅनमध्ये साठवून आणा, म्हणाले. नेमकं त्याच दिवशी विश्रामबागच्या घरी माझं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ, पन्हं, मोगऱ्याचा वास, घरभर बायका, आणि बाथरूममध्ये तो कॅन! मला लाज वाटली. कुणाला न सांगता मी तो गच्चीवर नेऊन ठेवला. सगळ्या गेल्यावर परत आणला, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, कॅन दिसला नाही. बायकांसमोर विचारू तरी कसं? दोनदा तशीच जाऊन आले." "दोनदानं काय होतंय?" मी म्हणाले आणि कॅन तसाच लॅबला दिला. रिपोर्ट नॉर्मल आला. वर्षभरानं त्या कोसळल्या, पुन्हा तपासणी झाली आणि गाठ सापडली. "मागच्या वेळी सगळी लघवी धरली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मीच विसरले हो," सासूबाई म्हणाल्या. ऑपरेशन झालं, पण हृदय तोवर थकलं होतं. त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मघाशी शेजारणी आल्या, तर सून दारातूनच म्हणाली, "आज नको, उद्या या. आईंची तपासणी चालू आहे." एवढंच तर म्हणायचं होतं मला तेव्हा.