पुस्तकात नसलेली सुकेळी

"आजोबा, यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले. माझी बायको शेवंता शेजारी बसली होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. क्रिएटिनिन वाढलंय म्हणाले. म्हणजे रक्तातली घाण, जी किडनीने बाहेर टाकायची ती आतच साठते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त धुणं. वसईतल्या आमच्या वाडीतून माणिकपूरपर्यंत रिक्षा, तिथून मुंबईचं हॉस्पिटल. तिथं खिडकीजवळच्या टेबलावर एक पोरगी बसायची. डाएटिशियन, म्हणजे काय खायचं ते सांगणारी. तिच्याकडे एक फोटोंचं पुस्तक. पानोपानी ताटं. चपात्या, पनीर, राजमा, लहान वाटी, मोठी वाटी. आपण बोट ठेवायचं, ती लिहून घेणार.

शेवंता पानं उलटत बसली. तांदळाची भाकरी नाही, सुकट नाही, पेज नाही. मग एका ताटलीत पिवळं लांबडं केळं.

"हे खाता का आजी?"

"नाय गो पोरी. हे मुंबईला जातं. आम्ही पिकवणारे, आम्ही कशाला खातोय?"

खोटं नव्हतं ते. पोरीने फुली मारली आणि पान उलटलं.

आता आमच्याकडची रीत ऐका. आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही, सुकेळी आणतो. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, सुक्या पानात घट्ट बांधायची. बाळंतिणीला तीच, अंगात ताकद नाही त्याला तीच. शेवंताचं तर डायलिसिसने अंग पार गळायचं. नणंदा, जावा, शेजारणी, सगळ्यांनी आणली. उशाशी पुडकी असायची. तिला भाकरी जाईना, सुकेळी तेवढी जायची. मला बरं वाटायचं, काहीतरी खाते.

एक दिवस तिच्या पायातलं बळच गेलं. छातीचा ठोका चुकायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम वाढलंय. हा एक क्षार असतो. किडनी चालत नसली की रक्तात साठतो आणि काळीज बंद पाडतो.

"काय खायला घालता यांना?" माझ्यावरच ओरडले.

मी पिशवीतलं पुडकं काढून दिलं. त्यांनी सोडून बघितलं. "अहो, ही केळीच की. वाळवलेली म्हणजे तर आणखी वाईट. सांगितलं का नाही?"

कुणाला सांगायचं? विचारलं कुणी? तुमच्या पुस्तकात वसईचं माणूस जेवतच नाही. जे आम्ही खात नाही त्याचे फोटो दाखवता, आणि वर आम्हालाच अडाणी म्हणता?

शेवंता त्याच आठवड्यात गेली.

वर्ष झाल्यावर तीच पोरगी दारात. खांद्याला कॅमेरा, पिशवीत वजनकाटा. म्हणाली, नवीन पुस्तक करतोय, इकडच्या जेवणाचं. घरोघर जाऊन ताटांचे फोटो काढतेय.

मी तोंडाला येईल ते बोललो. ती उभीच राहिली.

"बोला बाबा. पण बोलून झालं की ताट वाढा."

शेवंताही अशीच बोलायची मला.

भाकरी वाढली, सुकट वाढली. पोरीने प्रत्येक जिन्नस तोलला, शेजारी चमचा ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला माप कळावं. मग मी आतून सुकेळी आणली. पुडकं तिने स्वतः सोडलं.

"आजी दिवसाला किती खायच्या?"

मी चार ठेवली. थांबलो, आणखी दोन ठेवली. आता कमी सांगून काय मिळणार?

तुमच्यापुढे कुणी असं पुस्तक ठेवलं, तर नुसतं बोट ठेवून उठू नका. त्यात जे नाही ते बोला. उशाशी काय आहे तेही बोला. डॉक्टर घाईत असले तरी बोला.

पुस्तक छापलं की तुम्हाला आणून देते, असं पोरगी जाताना म्हणाली. वर्षाने का होईना, ती दारात आली, याबद्दल तिचे उपकार मानतो. पण पुस्तक मला नको म्हटलं. त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेव. शेवंता बसली होती, तिथं.